बेपत्ता जवानांच्या घरी वर्षातून एक पत्र तरी जाऊ द्या

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री आणि मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करायची वेळ आली, तेव्हा पोटमाळ्यावरून बाबांची फौजेतली ट्रंक खाली काढली. काळी, पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव. तळाशी सुतळीनं बांधलेली दोन पुडकी होती. एकात बाबांनी कैदेतून पाठवलेली कार्डं. दुसऱ्यात परक्या माणसांची पत्रं, बहुतेक पंजाब, हरियाणा आणि राजस्थानातली. पहिल्या पुडक्याबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले होते. दुसऱ्याबद्दल आई कधी बोलली नव्हती. हे पत्र त्या दुसऱ्या पुडक्यामुळे लिहिते आहे, पण सुरुवात पहिल्यापासूनच करावी लागेल.

बाबा फौजेच्या सिग्नल (संदेशवहन) विभागात लाइनमन होते. डिसेंबर १९७१ मध्ये जम्मूतल्या छांबच्या आघाडीवर आपल्या फौजेला मुनव्वर तवी नदीच्या अलीकडे यावं लागलं, त्या धांदलीत ते आणि त्यांचे दोन सोबती पलीकडेच राहिले. इथे मुंबईत ब्लॅकआउट होता, खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावलेले. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली, दुसऱ्या दिवशी पश्चिमेलाही युद्ध थांबलं. चाळीत पेढे वाटले, पोरांनी काळे कागद ओरबाडून काढले. आमच्या दारात तार आली ती त्यानंतर चार दिवसांनी.

तार इंग्रजीत होती. समोरच्या खोलीतल्या, महापालिकेत कारकून असलेल्या काकांनी ती वाचली आणि 'मिसिंग' या शब्दापाशी थांबले. आजी साताऱ्याकडची, अक्षरओळख नसलेली. तिनं विचारलं, "म्हंजी गेला का हाय?" काकांना उत्तर देता येईना. शेवटी म्हणाले, "हरवलाय, आजी. सापडंल." आजोबांची गिरणीत दुसरी पाळी होती. भोंगा झाला तसे ते उठून गेले. ते घरी बसले असते तर चाळीनं त्याचा वेगळा अर्थ काढला असता, असं आजी पुढे सांगायची.

आई तेव्हा वीस वर्षांची होती आणि तिला सहावा महिना होता. पोटात मी होते.

त्या दिवसांतलं आईनं मला एकच सांगितलं आहे, पण ते अनेकदा सांगितलं आहे. जानेवारीत संक्रांत आली. मजल्यावर घरोघरी हळदीकुंकू. आईला बोलवायचं की नाही, कुणालाच कळेना. बोलवलं आणि उद्या वाईट बातमी आली तर? न बोलवावं तर आपल्याच तोंडानं तिला विधवा ठरवल्यासारखं. तीन दिवस बायका आमच्या दारावरून मान खाली घालून जात होत्या. चौथ्या दिवशी कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकू ताट घेऊन सरळ आत आल्या, आईच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "तार आलीय. कागद नाय आला." आईच्या ओटीत त्यांनी तिळगूळ घातला. पुढे त्या काकू वारल्या तेव्हा आई सुतकात बसल्यासारखी दहा दिवस बसली होती.

साहेब, युद्धात माणूस बेपत्ता होतो तेव्हा घरातल्या बाईची जागा अशी हरवते. ती सवाष्णही नाही आणि विधवाही नाही. तिच्यासाठी आपल्या भाषेत शब्द नाही.

घरात रेडिओ नव्हता. मजल्यावरच्या एका घरी मर्फीचा होता. त्यावर रात्री पाकिस्तान रेडिओ लावायचे, कारण त्यावर कधी कधी पकडलेल्या भारतीय जवानांची नावं वाचत. आजोबा कामावरून आले की न जेवता तिथे जाऊन बसायचे. उर्दू त्यांना कळत नव्हतं, पण नाव कळलं असतं.

फेब्रुवारीच्या शेवटी पोस्टमननं खालूनच हाक मारली. हातात एक कार्ड होतं आणि त्यावर तिकीट नव्हतं. आजीला वाटलं नॉटपेड आलंय, दुप्पट पैसे भरावे लागतील, म्हणून ती लुगड्याच्या कनवटीची नाणी सोडत जिना उतरली. पोस्टमन म्हणाला, "ह्याला पैसे नाहीत, आजी. हे युद्धकैद्याचं कार्ड आहे." कार्डावर छापील मजकूर आणि मोकळ्या जागी हातानं लिहिलेलं नाव, हुद्दा, नंबर, बापाचं नाव, घरचा पत्ता. खाली बाबांच्या हातची मोडक्या हिंदीतली एक ओळ: मैं खुशाल हूँ। मराठीत लिहिलं तर तपासणारा कार्ड अडकवून ठेवील, म्हणून त्यांनी हिंदीत लिहिलं. 'खुशाल' मात्र आपलंच राहिलं.

या कार्डामागचा कायदा मला शिक्षिकेची नोकरी लागल्यावर कळला. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं ७० वं कलम सांगतं की छावणीत पोचल्यापासून जास्तीत जास्त एका आठवड्याच्या आत प्रत्येक कैद्याला असं कार्ड घरी पाठवू दिलंच पाहिजे. ७१ व्या कलमानुसार त्याला महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहायची मुभा आहे. ७४ व्या कलमानुसार त्या टपालाला तिकीट लागत नाही. म्हणजे आजीच्या कनवटीची नाणी वाचली ती जिनिव्हात झालेल्या करारामुळे. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही तो स्वीकारलेला आहे. भारतानं तर १९६० साली संसदेत त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला.

आमच्या बाबतीत आठवड्याचे दोन महिने झाले. तरी कार्ड आलं. आईनं कुंकू लावायचं की नाही, हा प्रश्न त्या दिवशी सुटला.

मी एप्रिलमध्ये जन्मले. आजोबांनी पत्र पाठवलं: मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. ते बाबांना लायलपूरच्या छावणीत ऑगस्टमध्ये मिळालं. घरची बातमी न कळता काढलेले ते चार महिने कैदेतले सर्वांत जड गेले, असं बाबा म्हणायचे. खाणंपिणं, थंडी, झाडाझडती यांबद्दल ते फारसं बोलत नसत. आई बाळंत झाली असेल का, जगली असेल का, एवढंच रोज मोजत बसायचो, म्हणायचे. वाट पाहणं फक्त इकडे चालत नाही, तिकडेही चालतं. त्यांचं उत्तर ऑक्टोबरात आलं. त्यात एकच प्रश्न होता: नाव काय ठेवलं? तोवर मी रांगायला लागले होते.

१ डिसेंबर १९७२ ला सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी वाघ्याला सीमा ओलांडून परत आले. त्यांत बाबा होते. रावळपिंडीच्या छावणीतून त्याच ऑगस्टमध्ये निसटून थेट अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोचलेले आणि तिथे पकडले गेलेले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर आणि त्यांचे साथीदारही त्यांत होते. त्यांचं नाव निघालं की बाबांचा चेहरा उजळायचा.

इथवर आमच्या घराची गोष्ट पूर्ण झाली. दुसरं पुडकं इथून सुरू होतं.

परत आलेल्या जवानांची नावं आणि गावं हळूहळू सगळीकडे कळली, आणि १९७३ च्या सुरुवातीपासून आमच्या नायगावच्या पत्त्यावर परकी पत्रं येऊ लागली. माझा मुलगा छांबला होता. माझे मालक फाजिल्क्याच्या बाजूला होते. फोटो सोबत जोडला आहे. तुम्ही लायलपूरला होतात असं समजलं, तुम्ही ह्यांना पाहिलंत का? काही गुरुमुखीत, काही हिंदीत, काही गावच्या मास्तरांनी इंग्रजीत लिहून दिलेली. मी मोजली, त्रेसष्ट आहेत. शेवटचं १९८१ चं.

एक सोडून प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यावर बाबांनी पेन्सिलीनं तारीख टाकली आहे आणि पुढे दोन शब्द: उत्तर दिले. काही उत्तरांचे कच्चे मसुदेही त्यातच आहेत. मजकूर जवळपास सगळीकडे एक आहे. मी या छावणीत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत होतो. तुमचा माणूस मी पाहिला नाही. पण मी सगळ्या बराकी पाहिल्या नाहीत, आणि इस्पितळात ठेवलेले कैदी आमच्यात आणत नव्हते. मला आठवणाऱ्या सोबत्यांची नावं खाली देतो, त्यांनाही विचारा.

बाबा सातवी शिकलेले होते. गुरुमुखी पत्र वाचून घ्यायला ते दादरच्या गुरुद्वारात जायचे. ह्या उत्तरांत खोटी आशा नाही आणि कोरडा नकारही नाही. काय ठाऊक आहे, कुठवर पाहिलं, कुठे पाहिलं नाही आणि पुढे कुणाला विचारावं, एवढं सगळं एका पोस्टकार्डात आहे.

आता मी तुमच्याकडे वळते.

१९७९ साली लोकसभेपुढे पाकिस्तानच्या ताब्यात असल्याची शक्यता असलेल्या भारतीय सैनिकांची यादी ठेवली गेली. पुढे ती ५४ नावांची यादी म्हणून ओळखली गेली, बहुतेक १९७१ ची. अलीकडच्या वर्षांत संसदेतल्या उत्तरांमध्ये बेपत्ता संरक्षण कर्मचाऱ्यांचा आकडा ८३ सांगितला गेला. ५४ चे ८३ कसे झाले, कोणती नावं वाढली, कुठल्या युद्धातली, हे सामान्य माणसाला कुठे वाचायला मिळत नाही. ज्या घरातलं नाव त्यात आहे त्यांना तरी ते कळवलं गेलं का?

ही नावं हवेतून आलेली नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान युद्धाच्या पहिल्याच दिवसांत पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या एका वर्तमानपत्रात आली आणि त्यात त्यांच्या नावाशी जुळणारं नाव होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मेजर घोष यांचा गजाआडचा फोटो टाइम साप्ताहिकाच्या २७ डिसेंबर १९७१ च्या अंकात आल्याचं त्यांच्या घरच्यांनी ओळखलं. मेजर सुरी यांच्या वडिलांना तर युद्ध संपून तीन वर्षांनी, डिसेंबर १९७४ मध्ये, मुलाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी पोचली. मी ठीक आहे, असा तिचा आशय होता. १९७५ मध्ये दुसरी आली: सरकारशी संपर्क साधा, इथे आम्ही आणखीही अधिकारी आहोत. हस्ताक्षर पटल्यावर सरकारी दप्तरात 'ठार' ची नोंद बदलून 'बेपत्ता' झाली. त्या चिठ्ठ्यांआधी शिमला करार होऊन गेला होता, आणि आपल्याकडे असलेल्या सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैद्यांची रवानगीही एप्रिल १९७४ पर्यंत संपली होती.

या ९३ हजारांवरून लोक फार तावातावानं बोलतात. धरून ठेवायला हवे होते, म्हणतात. मला ते पटत नाही. कैदी म्हणजे ओलीस नव्हे, आणि युद्ध थांबल्यावर त्याला विनाविलंब परत पाठवावं असं त्याच कराराचं ११८ वं कलम सांगतं. माझ्या बाबांना कुणी सौद्यासाठी ठेवून घेतलं असतं तर मी पहिलीत जाईपर्यंत बाप पाहिला नसता. पण शेवटची गाडी वाघ्याकडे सुटण्याआधी आपल्या प्रत्येक माणसाचा हिशेब नावानिशी मागून घ्यायला हवा होता, आणि मिळाला नाही तर तसं त्या घराला स्पष्ट लिहून कळवायला हवं होतं. हे दुसरं काम पूर्णपणे आपल्या हातात होतं.

पाकिस्तान सतत सांगत आला आहे की १९७१ चा एकही युद्धकैदी आमच्याकडे नाही. जून २००७ मध्ये चौदा नातेवाईक तिथले तुरुंग पाहून आले. म्हातारे भाऊ, बायका, मुलं. कुणी सापडलं नाही. कदाचित आता कुणी हयात नसेलही. ज्यांना १९७१ मध्ये पंचविसावं होतं ते आज ऐंशीच्या घरात असतील. मला हे कळतं, आणि माझी खात्री आहे, त्या घरांनाही कळतं. पण मेलेल्या कैद्याचंही काही देणं लागतं. मृत्यूचा दाखला, कबर कुठे आहे त्याची नोंद, मागे राहिलेल्या वस्तू, हे सगळं पोचवावं असं १२० वं आणि १२२ वं कलम म्हणतं. सात वर्षं खबर नसलेला माणूस मृत धरता येतो, हे आपला साक्ष्य कायदा सांगतो. पूर्वी ते १०८ वं कलम होतं, आता नव्या कायद्यात १११ वं. तो पेन्शन आणि वारसा सोडवायला उपयोगी पडतो. काकूंच्या शब्दांत सांगायचं तर तोही कागदच, पण तो न्यायालयानं धरून चाललेला कागद. काय घडलं ते त्यात नसतं.

दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात. २००८ च्या करारापासून हे चालू आहे, आणि संबंध कितीही बिघडले तरी याद्या दिल्या जातात, हे मी मनापासून चांगलं मानते. पालघर-डहाणूकडची जी पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि कराचीच्या तुरुंगात पोचतात, त्यांच्या आयांना या यादीमुळेच पोरगा जिवंत असल्याचं कळतं. त्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन निघतं. त्यात नागरी कैदी किती, मच्छीमार किती, हे आकडे असतात. आणि सुटकेच्या मागणीच्या वाक्यात शेवटी येतात 'बेपत्ता भारतीय संरक्षण कर्मचारी'. त्यांच्यापुढे आकडा नसतो, नाव नसतं. बाबा हयात असेपर्यंत १ जानेवारीला आकाशवाणीच्या बातम्यांना बसायचे. ते चार शब्द झाले की रेडिओ बंद करून उठायचे.

माझी विनंती पाकिस्तानविषयी नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलताच, बोलत राहा. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची जी संयुक्त समिती कैद्यांसाठी नेमली होती ती पुन्हा तुरुंगांत जाऊ शकली तर उत्तमच. माझी विनंती आपल्याच दप्तराबद्दल आहे.

त्या यादीतल्या प्रत्येक घराला वर्षातून एकदा, १ जानेवारीला, एक पत्र पाठवा. छापील नको, त्या घरासाठी लिहिलेलं. तुमच्या माणसाबद्दल आमच्या फाइलमध्ये अमुक नोंदी आहेत, अमुक तारखेच्या, अमुक ठिकाणच्या. गेल्या वर्षी आम्ही अमुक विचारलं, अमुक उत्तर आलं. काहीच नवं नसेल तर तेही लिहा. तो माणूस युद्धातच गेला असा तुमचा निष्कर्ष असेल तर कशावरून, ते लिहा. घाबरू नका. पन्नासहून जास्त वर्षं वाट पाहणारं घर सत्य ऐकून कोसळत नाही. उलट सगळे काही लपवताहेत या संशयानं ते आतून पोखरत जातं.

संरक्षण मंत्रालयानं जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं की युद्धांच्या नोंदी साधारण पंचवीस वर्षांनी खुल्या करायच्या. १९७१ ला पंचवीस वर्षं होऊन आणखी पंचवीस उलटली. मग या माणसांपुरत्या नोंदी आधी त्यांच्या घरच्यांना दाखवा. आणि एक काम तातडीचं आहे. या जवानांची सख्खी भावंडं आता पंचाहत्तरी-ऐंशीची आहेत. त्यांचे डीएनए नमुने त्यांच्या संमतीनं आत्ताच घेऊन ठेवा. कधीतरी कुठल्या शेतात, कुठल्या जुन्या छावणीच्या जागी काही सापडलं, तर जुळवून बघायला कुणी उरलं पाहिजे. याला कुठल्याही देशाची परवानगी लागत नाही.

सरकारकडे एवढी माणसं कुठून येणार, असं कुणी म्हणेल. ८३ पत्रं आहेत. सातवी शिकलेल्या एका लाइनमननं सुट्टीत आणि पुढे निवृत्तीनंतर चाळीच्या गॅलरीत बसून त्रेसष्ट पत्रांपैकी बासष्टांना उत्तरं दिली.

त्रेसष्टावं एक जोडकार्ड आहे. पाठवणाऱ्यानं उत्तराचं अर्ध कोरं ठेवून त्यावर स्वतःचा पत्ता लिहिला होता, पण तो पावसात भिजून आलेला. शाई पसरली आहे. जिल्हा कळतो, गाव कळत नाही. बाबांनी त्यावर 'उत्तर दिले' असं लिहिलेलं नाही, आणि ते अर्ध फाडलेलंही नाही. ज्या जवानाबद्दल विचारलं आहे त्याचं नाव, नंबर आणि पलटण मात्र आतल्या बाजूला स्वच्छ वाचता येते. त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय ते नाव इथे छापणं मला योग्य वाटत नाही. तुमच्या कार्यालयातून कुणी मागितलं तर मी कार्ड घेऊन दिल्लीला येईन. तुमच्या यादीत ते नाव असेल तर त्या घराचा पत्ताही तुमच्याकडे असेल. तो मला द्या, म्हणजे उरलेलं अर्ध मी लिहून टाकीन: लायलपूरला बाबांनी त्यांना पाहिलं नव्हतं, पण सगळ्या बराकी त्यांनी पाहिल्या नव्हत्या.

कळावे,
आपली नम्र,
१९७२ साली परत आलेल्या एका युद्धकैद्याची मुलगी
नायगाव, मुंबई